सोलापूरच्या उन्हात परफॉर्मन्स टायर: अकरा महिने, 17 हजार किलोमीटर

मे 2024 मध्ये गाडीचे चारही टायर बदलले. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, 1.0 टीएसआय म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 115 पीएस ताकदीची. तेव्हा तिचे 38 हजार किलोमीटर झाले होते आणि मूळ टायरची नक्षी बरीच उतरली होती. त्या जागी मऊ रबराचे, परफॉर्मन्स प्रकारातले टायर घातले. चार टायरचे फिटिंग-बॅलन्सिंगसह 37 हजार गेले. आज एप्रिल संपत आलाय आणि 17 हजार किलोमीटर पार पडलेत. परतीचा पाऊस, उसाचा अख्खा हंगाम आणि आता पुन्हा पेटलेला उन्हाळा, एवढं सगळं या टायरनी पाहिलं. या काळात मित्रांनी, पाहुण्यांनी, पेट्रोल पंपावरच्या पोरांनीसुद्धा मला तेच तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं आता अनुभवातून देता येतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: "मालक, तुम्ही तर गाडी पळवत नाही, मग हे टायर कशाला?"

खरंय, मी शंभरच्या आतच चालवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणं होतं. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. अधूनमधून अप्पांना घेऊन अक्कलकोट, पंढरपूर. मला वेगासाठी काहीच नको होतं, मला गाडी थांबायला हवी होती. नोव्हेंबरमध्ये एका रात्री पुण्याहून येत होतो. वरवडे टोलनाका ओलांडून मोहोळकडे निघालो, नऊ वाजून गेले होते. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवरून सरकला आणि माझ्याच लेनमध्ये उसाची ट्रॉली दिसली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेले उसाचे शेंडे हेडलाइटमध्ये हलताना दिसले, इतकी ती जवळ होती. ब्रेकवर पाय पूर्ण दाबला. पायाखाली एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) थरथर लागली, गाडी जराही आडवी झाली नाही, स्टिअरिंग वळवलं तिकडे गेली. शेजारी अप्पा होते. ते काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवरचा हात बराच वेळ तिथेच राहिला. जुने टायर असते तर धडकलोच असतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एबीएस फक्त चाक लॉक होऊ देत नाही. रस्त्याला घट्ट धरण्याचं काम शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर रबरच करतं. 37 हजार मी त्यासाठी दिले.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. माझ्या टायरवर 205/55 आर 16, 91 डब्ल्यू असं लिहिलंय. 205 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 55 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, आर म्हणजे रेडियल आणि 16 म्हणजे रिमचा व्यास इंचात. 91 हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर 615 किलोपर्यंत. डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किलोमीटरपर्यंतचं रेटिंग. व्ही असेल तर 240, एच असेल तर 210. लोक हसतात, म्हणतात, "270 कुठं चालवणार, होटगी रोडवर?" पण हे अक्षर नुसत्या वेगाचं नाही. त्या वेगाला टायरमध्ये जी उष्णता तयार होते, ती सोसायची ताकद त्यात मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तेव्हा त्या ताकदीचा थोडा हिस्सा ताशी 90 वर जाणाऱ्या माणसाच्याही उपयोगी येतो. मात्र मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर कधी घालू नये, मग तो कितीही स्वस्त मिळो.

टायर घेताना पहिल्या दुकानात मला 225/45 आर 17 आणि सोबत नवे अलॉय सुचवले. हिशेब केला. माझ्या चाकाचा एकूण व्यास साधारण 632 मिलिमीटर, त्यांचा 634. म्हणजे स्पीडोमीटर फसणार नाही, माप बरोबरच होतं. पण बाजूची भिंत 113 मिलिमीटरवरून 101 वर येते. जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर रात्रीतून उगवणारे गतिरोधक आणि ड्रेनेजचे खोदकाम ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्या 12 मिलिमीटरची किंमत कळेल. मी 16 वरच राहिलो आणि एकदाही पस्तावलो नाही. त्याच दुकानात आणखी एकानं "गाडी उंच होते" म्हणून 215/60 आर 16 सुचवलं होतं. त्याचा व्यास 664 होतो, मूळपेक्षा 5 टक्के जास्त. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी 105 वर असेल. असं माप कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणावं.

त्या दुकानातून मी बाहेर पडलो ते दुसऱ्याच कारणानं. मला दाखवायला काढलेल्या नव्या टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत (टायर कधी बनला ते सांगणाऱ्या कोडमध्ये) शेवटचे चार आकडे 4121 होते. म्हणजे 2021 सालचा 41 वा आठवडा. अडीच वर्षं गोदामात पडलेला माल मला "आत्ताच आलाय" म्हणून देत होते. दुसरीकडे दोन दिवस थांबलो, 0924 चे चारही मिळाले. हे चार आकडे बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. पैसे द्यायच्या आधी बघा. काही वेळा हा आकडा टायरच्या आतल्या बाजूलाच असतो, म्हणून रिमवर चढवण्याआधी बघितलेलं बरं.

आता हवा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि मीही केल्यात. मला सोलापुरातल्या वापरात 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) मानवतं. तुमचा आकडा तुमच्या गाडीवरच्या हवेच्या दाबाच्या स्टिकरवर असेल, तोच धरा. मागच्या मे महिन्यात सकाळी सहाला घरच्या गेजनं मोजून 33 केली आणि दुपारी टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा सहज गेज लावला. 38! घाबरून पंपावर गेलो. पंपावरच्या पोरानं "जास्त झालीय, फुटंल" म्हणत चारही टायर 33 वर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर मोजली तर 28 आणि 28.5. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टायर तापला की हवा फुगते, दर पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय. तेवढं वाढणं टायर बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. तापलेल्या टायरची हवा सोडली की थंड झाल्यावर तो कमी हवेवर राहतो. मग त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि जास्त तापते. उन्हाळ्यात हायवेवर टायर फुटतात त्यांत कमी हवेचे खूप असतात, आणि लोक मात्र "उन्हाळा आहे, हवा कमीच ठेव" असं सांगत फिरतात. याच्या बरोबर उलट करायचं. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी, स्टिकरप्रमाणे भरायची. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो घ्यायचा.

एक बारीक गोष्ट. कारखान्यासमोर गाडी पूर्व-पश्चिम उभी असते, एक बाजू उन्हात, दुसरी कडुनिंबाच्या सावलीत. उन्हातल्या बाजूचे दोन्ही टायर सावलीतल्या टायरपेक्षा दीड-दोन पीएसआय जास्त दाखवतात. पहिल्यांदा मला गेजच बिघडला वाटला. म्हणून उन्हात उभी केलेली गाडी मोजायचीच नाही.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन भरल्यानं नुकसान काही नाही, हवा जरा सावकाश उतरते, बस. चारशे-पाचशेचा घरचा गेज घेऊन पंधरा दिवसांनी मोजणं त्याहून कामाचं.

पाऊस. आपला जिल्हा कोरडा, पण सप्टेंबरातला परतीचा पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो. पहिल्या सरीला रस्त्यावरची महिनोन्‌महिन्यांची धूळ, डिझेल आणि तेल एकत्र होतं आणि तुळजापूर रोडवर दुचाक्या घसरताना दिसतात. त्या वेळी या टायरनी खरंच चांगली साथ दिली. रुंद चाऱ्यांतून पाणी बाहेर जातं, स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण साचलेल्या पाण्यात वेगात गेलात तर कुठलाच टायर तरंगण्यापासून वाचवत नाही, आणि टायर जितका रुंद तितका तो लवकर तरंगतो. नक्षी कमी झाली की हा गुण सगळ्यात आधी जातो. नक्षीच्या चाऱ्यांमध्ये 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी तिथपर्यंत आली की टायर संपला. मी तोवर थांबणार नाही, 3 मिलिमीटरला बदलणार.

मग झीज. "हे टायर लवकर झिजतात ना?" हो, झिजतात. मऊ रबर जास्त धरतं आणि जास्त झिजतं. नवे होते तेव्हा नक्षी 7.5 मिलिमीटर खोल होती. आज पुढचे 5.3, मागचे 5.6. या हिशेबानं 3 मिलिमीटरपर्यंत 36-37 हजार किलोमीटर होतील. ज्यांना एका टायरवर साठ हजार काढायचेत त्यांनी हे घेऊ नयेत, त्यांच्यासाठी कडक रबराचे चांगले टायर बाजारात आहेत. पण झीज नुसत्या रबरानं होत नाही. जुलैत विजापूर रोडवर एका खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. टायरला फुगा आला नाही, रिमही वाकला नाही, म्हणून मी विसरलो. महिन्यानं गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली. टायरवाल्या काकांनी गाडी लिफ्टवर घेतली, माझा हात धरून डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून आडवा फिरवला. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दात्यासारखं बोटांना लागत होतं. "बघितलाव? डोळ्याला दिसत नाही, हाताला दिसतंय," म्हणाले. टो, म्हणजे चाकं सरळ पुढे बघतात की आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, बिघडला होता. अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले, ओढणं थांबलं, पण त्या कडेचं गेलेलं रबर काही परत आलं नाही. आता मोठा खड्डा बसला की मी त्याच आठवड्यात अलाइनमेंट तपासतो आणि महिन्यातून एकदा टायरवरून हात फिरवतो.

9 हजार किलोमीटरवर टायरच्या जागा आपसात बदलल्या. माझे टायर असममित नक्षीचे आहेत, म्हणजे बाहेरची आणि आतली बाजू वेगळी. पुढचे सरळ मागे घेतले, मागचे बाजू बदलून पुढे. बाणाची खूण असलेले, एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील तर ते आपापल्या बाजूलाच पुढे-मागे करायचे.

पुढची चूक पंक्चरच्या वेळची. एमआयडीसीत मशीनचा भंगार लोखंड रस्त्यावर पडलेला असतो, मागच्या उजव्या टायरमध्ये नक्षीच्या मधोमध खिळा घुसला. एका पंक्चरवाल्यानं टायर रिमवरून काढला, आतून पॅच लावून बंद केला, काम चांगलं वाटलं. चार दिवसांनी पाणी आल्यावर बादलीभर पाण्यानं गाडी पुसत होतो, तेव्हा त्या चाकावर "इनसाइड" ही अक्षरं माझ्याकडे तोंड करून बसलेली दिसली. टायर रिमवर उलटा चढवला होता. चार दिवस, एका पुणे फेरीसह, मी उलट्या टायरवर फिरलो. पंक्चर काढून झाल्यावर बाहेरच्या बाजूला "आउटसाइड" दिसतंय का, हे बघायला दोन सेकंद लागतात, आणि ते आपणच बघायचं. पंक्चर नक्षीच्या भागात आणि छिद्र 6 मिलिमीटरच्या आत असेल तरच दुरुस्त होतं. भिंतीला किंवा खांद्याला लागलं असेल तर कुणी "होतंय की, करून देतो" म्हटलं तरी करून घेऊ नका.

त्रास काय झाला तेही लिहितो. खडबडीत डांबरावर आवाज जुन्या टायरपेक्षा जास्त येतो, अक्कलकोटला जाताना अप्पांनी दोनदा काच बंद आहे ना ते बघितलं. गतिरोधकावर गाडी थोडी कडक लागते. ॲव्हरेज हायवेला लिटरमागे साधारण पाऊण किलोमीटरनं उतरलं. आणि पहिले तीनशे किलोमीटर पकड अपेक्षेइतकी नव्हती. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, तो घासून जाईपर्यंत हळूच चालवावी लागते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी मी उगाच नाराज झालो नसतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे, हाही प्रश्न येतो. मागे. पुढून ओढणारी गाडी असली तरी मागेच, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं तर गाडी गरकन फिरते आणि ते सावरणं आपल्यासारख्याच्या हातात नसतं.

या सगळ्या नादात स्टेपनी मात्र अकरा महिने डिकीत तशीच होती. परवा हे लिहायला घेतलं तेव्हा आठवण झाली, चादरींचे नमुने बाजूला काढून गेज लावला. 19 पीएसआय. सकाळीच हवा भरून आणली.