शिवाजीनगर कोर्टाजवळचं नोटरी ऑफिस, वाचल्याशिवाय शिक्का मारत नाहीत

आईच्या सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट तलाठ्याला द्यायचं होतं. बाहेरच्या एजंटने आधीच ५०० चा स्टॅम्प पेपर गळ्यात मारायला बघितलं. इथल्या नोटरी वकील मॅडमनी विचारलं कागद कुठे द्यायचाय, आणि म्हणाल्या सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या ॲफिडेव्हिटला महाराष्ट्रात २००४ पासून स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साधा कागद आणा. म्हणजे आपलं गिऱ्हाईक आहे म्हणून चार पैसे जास्त काढायचे असला प्रकारच नाही.

मग अख्खा मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवला, काकू हे सगळं खरंय ना असं विचारलं, आधार ओरिजिनल बघितलं, आणि सही स्वतःसमोर घेतली, रजिस्टरमध्ये पण वेगळी सही घेतली. ही रजिस्टरची सही फार महत्त्वाची आहे लोकहो, उद्या कोणी म्हणालं की ही सही माझी नाहीच तर पुरावा तिथेच सापडतो. याआधी एका ठिकाणी गेलेलो तिथे नोटरी हजरच नव्हते, पोऱ्याने टेबलावरून शिक्का उचलला आणि ठोकला, रजिस्टर नाही काही नाही, मला तो कागद वापरायची भीतीच वाटली.

फीचं पत्रक ऑफिसच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लावलंय. नियमाप्रमाणे ते लावावंच लागतं पण लावतं कोण! गोल शिक्क्यावर नाव, एरिया, रजिस्ट्रेशन नंबर सगळं स्वच्छ वाचता येतं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे नाही म्हणायची हिंमत. माझ्यासमोर एक जण ११ महिन्यांचा भाडेकरार नोटरी करायला आला, मॅडम म्हणाल्या असा भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, तो रजिस्टरच करावा लागतो, ११ महिने असो नाहीतर ३ वर्षं, आणि नाही केला तर कायद्याने जबाबदारी घरमालकावर येते. तो चिडला, बाकीचे करून देतात म्हणाला, तरी यांनी शिक्का मारला नाही. भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्या पॉवर ऑफ ॲटर्नीचं विचारलं तर म्हणाल्या तो इथे नाही तर मी कशी करू, त्याने तिकडच्या नोटरीसमोर सही करून अपॉस्टिल (म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिकडच्या सरकारचा दाखला) घ्यावं नाहीतर भारतीय वकिलातीत जावं, आणि कागद महाराष्ट्रात आला की तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरा. या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत.

ट्रू कॉपीला ओरिजिनल लागतंच, मोबाईलवरचा फोटो दाखवून होत नाही, बरोबरच आहे ते.

कमी काय, तर जिना अरुंद आणि लिफ्ट नाही, आईला गुडघ्यांमुळे खूप त्रास झाला, वयस्कर माणूस असेल तर आधी फोन करा, प्रवासाचा खर्च घेऊन घरी येतात. टायपिस्टच्या मराठीत चुका होतात, आमच्या कागदावर गावाचं नावच चुकलेलं, सही करायच्या आधी दिसलं म्हणून लगेच नवी प्रिंट दिली. तेव्हा नाव, गट नंबर, आधारचे आकडे स्वतः तपासा. सोमवारी सकाळी खूप गर्दी असते, दुपारी चारनंतर जा.