जन्मजात शिकारी की कापून केलेली? वारशाने आलेल्या दोन रायफलींची तुलना

आजोबांच्या परवान्यावरची रायफल ठेवावी की जमा करावी, हा प्रश्न नाशिक परिसरातील वारसदारांसाठी आता अधिक अवघड झाला आहे, कारण शस्त्र कायद्यातील २०१९ च्या बदलानंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. जुन्या घरांत दोन प्रकार आढळू शकतात : ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचे (‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ०.३०३ बोअर) लाकूड व नळी कापून शिकारीसाठी बनवलेली रायफल, आणि पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात मुळातच नागरिकांसाठी घडवलेली ०.३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप). दुसरीची यंत्रणाही ली-एनफिल्डच्याच घडणीची असल्याने दुरून फरक कळत नाही.

ओळख पटवताना दस्ता जिथे लोखंडात बसतो, त्या भागाची उजवी बाजू आधी पाहावी. तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरे, वर्ष आणि मार्क (आवृत्तीचा क्रमांक) कोरलेला असेल, तर मूळ लष्करी आहे. मग बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलून बंद करणाऱ्या भागावरचा) क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे; न जुळल्यास बोल्ट व काडतूस यांमधले अंतर जाणकार कारागिराकडून तपासल्याशिवाय ती चालवणे धोक्याचे आहे. मार्क ३ ची मूळ नळी २५.२ इंचांची असते, त्यामुळे त्याहून आखूड नळी आणि तोंडाशी कानशीच्या खुणा दिसल्या, की घरगुती करवतीचा संशय घ्यावा. नव्या पॉलिशखाली झाकलेले ठसे पाहिले की मला हळहळ वाटते, कारण तेवढाच पुरावा हाती उरलेला असतो.

संग्राहकाच्या नजरेने नामांकित कारागिराचे रूपांतर जपण्याजोगे असते. घरी कापलेली मात्र ना धड लष्करी राहते, ना शिकारी. लाकूड पुन्हा मिळवता येते, कापलेली नळी वाढवता येत नाही.

कायद्याची बाजू अधिक निर्णायक आहे. ‘थ्री नॉट थ्री’ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना सहसा न मिळणाऱ्या मापांत मोडते आणि तिला केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते. ०.३१५ साठी मात्र शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी यांच्याकडचा नेहमीचा परवाना चालतो. केवळ जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही : शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधील जुन्या शस्त्रांची सवलत दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य, पुरातन वा नादुरुस्त शस्त्रांपुरतीच आहे.

म्हणून दोनपैकी एकच जागा रिकामी असेल, तर माझा कल इशापूरकडे आहे. कापलेल्या रायफलीचे क्रमांक जुळत असतील, कारागिराचा ठसा असेल आणि केंद्राची परवानगी आधीच नावावर असेल, तरच मी तिचा विचार करीन.