अ‍ॅटलास पतंगासाठी घडीचा जाळीचा पिंजरा: ३० सेंमीचा नको, ९० सेंमी उंचीचा घ्या

घडीचा कापडी जाळीचा हा पिंजरा फुलपाखरांसाठी म्हणून विकला जातो. तारेची चौकट दाबली की चपटा होतो, सोडली की उभा राहतो. फुलपाखरांना ३० सेंमीचा चौकोनीही पुरतो. अ‍ॅटलास या फार मोठ्या, फुलपाखरासारख्या निशाचर कीटकासाठी मात्र ६०×६०×९० सेंमीचाच घ्यावा.

मोठ्या मादीचा पंखविस्तार २४ सेंमीपर्यंत जातो. ३० सेंमीच्या पिंजऱ्यात तिच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंमी उरतात, आणि एका रात्रीच्या फडफडीत पंखांच्या कडा फाटतात. पण खरा प्रश्न त्याआधीचा आहे. कोषातून बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओल्या, चुरगळलेल्या चिंधीसारखे असतात. तो वर चढून लोंबकळतो, शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतो आणि पंख खालच्या दिशेने उलगडत जातात. उलगडायला साधारण अर्धा तास, वाळून ताठ व्हायला आणखी काही तास. तेवढ्यात पंखाचे टोक तळाला किंवा फांदीला टेकले, तर ते मुडपते आणि तसेच वाळते. त्यावर इलाज नाही. म्हणून लटकण्याच्या जागेखाली निदान २० सेंमी मोकळी जागा हवी. रुंदीइतकेच उंचीकडे बघा, ते यासाठी.

जाळी उत्तम आहे. भोके बारीक असल्याने पायांच्या नख्या रुततात, पण अडकत नाहीत. समोरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीवर मात्र पाय घसरतात. पंख फुगत असताना पतंग खाली पडला तर बहुधा अपंगच होतो. कोष मागच्या जाळीजवळ टांगावेत. कोषाची सुटण्याची वाट असलेले टोक वर ठेवून, बाहेरच्या रेशमातूनच दोरा ओवून छताला बांधावेत. सुई आत गेली तर जीव जातो. दोन कोषांत २५ सेंमी अंतर ठेवावे. छत मऊ असल्याने वजनाने खाली झोळ येतो. आडवी काठी बांधली की काम भागते, पण या आकारात ती कंपनीनेच द्यायला हवी होती.

हवा खेळती असल्याने बुरशी कमी लागते. बंद डब्यापेक्षा हा मोठा फायदा. त्याची दुसरी बाजू म्हणजे कोष लवकर सुकतात, आणि कोरड्या कोषातून निघताना पतंग अडकतो. दिवसातून एकदा-दोनदा बारीक फवारा मारावा, कोषावरून पाणी ठिबकेल इतका नको.

सोबत साखरपाण्याची वाटी मिळते, ती काढून ठेवा. प्रौढ अ‍ॅटलासची मुखांगे निकामी असतात. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे काढतो. तळाला कागद अंथरणे मात्र चुकवू नये. पंख फुगल्यावर पतंग बराच तपकिरी द्रव सोडतो आणि शिवलेला तळ वेगळा काढता येत नाही.

मीलनासाठी हा पिंजरा फारच सोयीचा. मादी रात्री गंध सोडते, तो जाळीतून दूर पसरतो आणि नर पिसांसारख्या रुंद शृंगिकांनी (डोक्यावरच्या मिशांनी) तो टिपतात. मादी मग जाळीवरच अंडी चिकटवते. खरवडायला गेले की ती फुटतात, म्हणून आतून भिंतींना आधीच कागद लावावा आणि अंड्यांसकट कापून काढावा. पिंजऱ्याची चेन ओढण्यापूर्वी चेनवर पतंग बसलेला नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या हर्क्युलिस पतंगासाठी हा आकारही काठावरचा आहे. त्याचा पंखविस्तार २७ सेंमीच्या आसपास जातो, शिवाय नराच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. तिथे एका पिंजऱ्यात एकच कोष, तोही छताच्या मधोमध टांगावा.