कोकम उद्योगासाठी एकपानी आराखडा की सविस्तर प्रकल्प अहवाल?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सरबताचा उद्योग उभारू पाहणाऱ्याने आधी ग्राहक, विक्री, खर्च अशा नऊ चौकटींचा एकपानी आराखडा (बिझनेस मॉडेल कॅनव्हास) करावा की बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, हे भांडवल कोणाचे आहे यावर बरेचसे ठरते.

एकपानी आराखडा एका बैठकीत होतो. ग्राहक कोण आणि तो आपलेच आगळ का घेईल, हे तो थेट विचारतो. मालवणच्या पर्यटकाऐवजी पुण्याचा दुकानदार गाठायचा ठरला, तरी एक पान बदलून भागते. मात्र त्यात महिन्यांचा हिशेब नसतो, आणि कोकमाच्या धंद्यात नेमके तिथेच घोडे अडते. फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते, पावसाच्या आत ते विकत घेऊन, फोडून, साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवाव्या लागतात. म्हणजे कच्च्या मालाचा बहुतेक पैसा दोनेक महिन्यांत जातो आणि विक्री वर्षभर थोडी थोडी येत राहते. ही तफावत प्रकल्प अहवालातल्या खेळत्या भांडवलाच्या (धंदा चालता ठेवायला लागणाऱ्या पैशाच्या) मासिक तक्त्यातच दिसते, म्हणून माझा कौल प्रकल्प अहवालाला आहे.

शिवाय 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंतचे अनुदान बँक कर्जाशी जोडलेले आहे, त्यामुळे तिथे अहवालावाचून गत्यंतर नाही. घरच्या झाडांची फळे आणि स्वतःचेच पैसे असतील, तर पहिल्या हंगामाला एक पान पुरते.