पंचवीस ग्रॅम साखरेची किंमत: एनर्जी जेल आणि गुऱ्हाळावरची काकवी यांची पारख

सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत मी लांब पल्ला धावताना खायच्या सहा-सात प्रकारच्या एनर्जी जेलची मिळून तीसएक पाकिटे रिकामी केली आणि त्याच काळात गुऱ्हाळावरून आणलेली जवळजवळ दोन किलो काकवीही संपवली. निमित्त होते १९ जानेवारी २०२५ रोजीच्या मुंबई मॅरेथॉनचे. ती माझी पहिलीच पूर्ण मॅरेथॉन होती. मी कोल्हापुरात राहते, वय ४६, दिवसभर खुर्चीवर बसून काम करते, आणि किलोमीटरला साधारण सात मिनिटे या संथ वेगाने धावते. पुढील पारख त्या वेगाच्या धावपटूंसाठी आहे. अडीच-तीन तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्यांचे गणित निराळे असते; आपल्यासारख्यांना रस्त्यावर पाच तास काढायचे असतात, म्हणजे पोटात काय आणि किती वेळा घालायचे हा प्रश्न आपल्यालाच जास्त वेळा सोडवावा लागतो.

पहिले पाकीट घरी आले तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून त्यामागची बारीक अक्षरे वाचून घेतली आणि ‘म्हणजे साखरेचा पाकच की हा’ असे म्हणून ते माझ्या हाती परत दिले. पाच महिन्यांनंतरही यापेक्षा नेमके वर्णन मला सापडलेले नाही. बहुतेक जेलमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली, झटकन पचणारी कर्बोदके, थोडी फळसाखर, चिमूटभर मीठ, आम्लता राखणारे एखादे द्रव्य आणि चव एवढेच असते. एका पाकिटातून २० ते २५ ग्रॅम कर्बोदके आणि शंभराच्या आसपास कॅलरी मिळतात. प्रश्न एवढाच की हा पाक आयता विकत घ्यावा, की आपला आपण करावा.

पाकाची गरज मुळात का पडते, हे समजल्याशिवाय खरेदी करण्यात अर्थ नाही. धावताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि अंतराच्या प्रत्येक किलोमीटरमागे ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. म्हणजे माझ्या ५८ किलो वजनाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,४५० कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार कॅलरींचा असतो. चरबी प्रत्येकाकडे उदंड असते, परंतु ती जळण्याची गती मंद असल्यामुळे साखर संपत आली की पायांचा वेग आपोआप पडतो आणि डोकेही नीट चालेनासे होते. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर लागणारी ‘भिंत’ बहुतांशी ती हीच. हे ज्ञान नवे नाही. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र होऊन पोहोचलेल्यांच्या रक्तातील साखर फारच उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना वाटेत गोळ्या-चॉकलेट देऊन पाहिले, तर रक्तातील साखर टिकून राहिली. खास धावपटूंसाठी पाकीटबंद जेल बाजारात येण्यास त्यानंतर साठ-सत्तर वर्षे गेली.

आता मालाकडे वळते. माझ्या चाचणीची रीत साधी होती. दर रविवारच्या लाँग रनला एकच प्रकार घ्यायचा, चाळीस मिनिटांच्या अंतराने घ्यायचा, आणि घरी आल्यावर चव, घट्टपणा, पोटाची तक्रार आणि शेवटच्या पाच किलोमीटरचा वेग वहीत लिहून ठेवायचा. ही प्रयोगशाळा नव्हे. त्या दिवशीची झोप आणि उन्हाचा भाग यांत मिसळलेला आहेच.

जीयू (GU) या अमेरिकी कंपनीचे जेल या वर्गातील जुने आणि बरेच प्रचलित. ३२ ग्रॅमचे लहानसे पाकीट कंबरपट्ट्यात सहा-सात सहज मावते. आतील पदार्थ दोनतारी पाकासारखा घट्ट असतो आणि तो जिभेवर ठेवून घोट-दोन घोट पाण्याबरोबर उतरवावा लागतो; पाण्याचे टेबल समोर दिसू लागले की मगच फोडायचे, हा नियम पाळला तर त्रास नाही. चवींची संख्या भरपूर आहे आणि खारट-गोड चवीचे प्रकार लांब पल्ल्यावर विशेष बरे वाटतात, कारण तिसऱ्या तासानंतर निव्वळ गोडाची शिसारी येते. काही चवींमध्ये कॅफिन असते, काहींमध्ये नसते. ते पाकिटावर पाहूनच घ्यावे.

सायन्स इन स्पोर्ट या ब्रिटिश कंपनीचे आयसोटॉनिक (म्हणजे रक्ताइतक्याच संहतीचे) जेल याच्या अगदी उलट टोकाचे आहे. पाकीट ६० मिलिलिटरचे, आतील द्रव सरबताइतका पातळ आणि २२ ग्रॅम कर्बोदके. पाण्याशिवाय पिता येते ही याची मोठी सोय. पण सहा पाकिटे म्हणजे साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक द्रव अंगावर वागवणे आले, आणि ज्यांच्या धावण्याच्या कपड्यांना धड एक खिसा असतो, त्या आम्हा बायकांनी ती ठेवायची कुठे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

मॉर्टेन या स्वीडिश कंपनीच्या जेलविषयी धावपटूंच्या गप्पांत बरेच गूढ भरलेले असते. घटक मात्र अवघे सहा: पाणी, ग्लुकोज, फळसाखर, कॅल्शियम कार्बोनेट, ग्लुकॉनिक आम्ल आणि समुद्रशेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट. ४० ग्रॅमच्या पाकिटात २५ ग्रॅम कर्बोदके. त्याला चव म्हणून काही घातलेली नाही आणि पोत चायना ग्रासच्या अर्धवट जमलेल्या वडीसारखा आहे. तोंडात चिकटत नाही, एका घोटात सरकन उतरते, आणि माझ्या वहीत पोटाची तक्रार एकदाही न नोंदवलेले विकतचे जेल हे एकमेव. मिठाचे प्रमाण नगण्य असल्यामुळे मीठ वेगळे घ्यावे लागते. अडचण किमतीची. देशी जेलची पाकिटे शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळत असताना हे जवळजवळ तिप्पट दराने घ्यावे लागते, आणि अशी सहा पाकिटे घेतली की स्पर्धेचे प्रवेशशुल्क स्वस्त वाटू लागते.

देशी जेलपैकी तीन वापरली. दोन उत्तम निघाली. तिसऱ्याचे नाव मी देणार नाही, कारण त्या रविवारी झालेल्या फजितीत निम्मा दोष माझा होता. कोल्हापूर ते पन्हाळा हे साधारण वीस किलोमीटर. वाघबीळपासून घाट लागतो. चढावर दम लागलेला असताना मी ते दाट, भडक वासाचे जेल पाण्याऐवजी बाटलीतल्या गोड स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतले आणि वीस मिनिटांत पुन्हा एक घेतले. पाकावर पाक पडल्यावर तो पातळ करण्यासाठी आतडे शरीरातलेच पाणी ओढून घेते. पुढे काय होते ते सांगण्यासारखे नाही. घाटातल्या एका चहाच्या टपरीच्या मालकिणीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. जेलबरोबर साधेच पाणी, हा धडा तेथे मिळाला.

त्याच आठवड्यात गुऱ्हाळे सुरू झाली होती. आमच्याकडे गुळाचा हंगाम आणि मुंबई मॅरेथॉनच्या सरावाचा भर एकाच वेळी येतो, हा योगायोग मला आधी कसा सुचला नाही, याचेच नवल वाटते. उसाचा रस आटवताना गूळ घट्ट होण्याआधी जी काढून घेतात ती काकवी, म्हणजे निसर्गतःच तयार झालेले जेल. तिच्यात सुमारे दोन तृतीयांश साखर असते, बाकी मुख्यतः पाणी. महत्त्वाची गोष्ट अशी की आतड्यातून ग्लुकोज आणि फळसाखर वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, म्हणूनच दोहोंचे मिश्रण घेतल्यास एकट्या ग्लुकोजची तासाला ६० ग्रॅमची मर्यादा ओलांडून ९० ग्रॅमपर्यंत जाता येते. महागड्या जेलच्या जाहिरातीत या दोहोंच्या ज्या प्रमाणाचा गाजावाजा असतो, ते यापोटीच. पण उसाची साखर म्हणजे मुळातच एक भाग ग्लुकोज आणि एक भाग फळसाखर. प्रमाणाचे हे शास्त्र आपल्या डब्यात आधीपासून होते.

माझे मिश्रण असे: १६० ग्रॅम काकवी, ५० मिलिलिटर कोमट पाणी, एका लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ. हे फडक्यातून गाळून अडीचशे मिलिलिटरच्या मऊ रबरी बाटलीत भरायचे. एवढ्यात पंचवीस-पंचवीस ग्रॅम साखरेच्या चार मात्रा होतात आणि एका मात्रेचा खर्च दहा रुपयांच्या आत राहतो. लिंबू केवळ चवीसाठी नव्हे. ते नसेल तर दुसऱ्याच मात्रेला काकवीचा उग्र वास नाकात बसतो. गाळणे टाळले तर बाटलीच्या तोटीत कण अडकतात आणि धावता धावता ती चोखत बसण्याची वेळ येते.

काकवीचे दोषही स्वच्छ सांगितले पाहिजेत. प्रत्येक गुऱ्हाळाची काकवी वेगळी, म्हणून मात्रेचा अंदाज अदमासेच राहतो. पाकिटावर छापलेली निश्चिती तिच्यात नाही. पाणी घातलेले मिश्रण उन्हात ठेवले तर दुसऱ्या दिवशी आंबते. बाटली घरी आल्याबरोबर गरम पाण्याने धुतली नाही तर सकाळी मुंग्यांची मॅरेथॉन भरते. आणि मधुमेह असणाऱ्यांनी काकवी काय किंवा जेल काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीच सुरू करू नये.

घरातील इतर पदार्थही करून पाहिले. खजूर चवीला उत्तम, पण बिया काढून ठेवला तरी धापा टाकत चावणे जमत नाही. राजगिऱ्याच्या लाडवाने तर असा ठसका लागला की दोन किलोमीटर वाया गेले. केळे पहिल्या पंधरा किलोमीटरपर्यंत ठीक. जलसंजीवनीच्या पुडीवर काही धावपटूंची फार भिस्त असते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. ती क्षार भरून काढण्यासाठी आहे, इंधन म्हणून नव्हे. पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले होते, आणि त्यामागे धावताना वजन वाढेल इतके पाणी पिणे हे मोठे कारण होते. संथ धावणाऱ्यांना प्रत्येक टेबलाशी थांबायला वेळ असतो, म्हणून हा धोका आपल्यालाच अधिक.

स्पर्धेसाठी शेवटी दोन्हींची सांगड घातली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे अंधारात निघाल्यावर पहिल्या तीन मात्रा काकवीच्या घेतल्या, कारण तेव्हा डोके ताजे असते, बाटलीवरची खूण दिसते आणि मात्रा मोजता येते. अर्धे अंतर ओलांडल्यावर मात्र तीन पाकिटे विकतची. पंचविसाव्या किलोमीटरनंतर माझा हिशेब चुकतो, हे मला सरावातच कळले होते. मागची मात्रा कधी घेतली तेच आठवत नाही. पाकिटाचे तसे नाही. खिशात दोन उरली असतील तर एक घेतलेले आहे. सव्वाशे रुपयांतले शंभर रुपये मी या सोयीसाठी मोजते, साखरेसाठी नव्हे.

एक खबरदारी हवी. घामेजल्या बोटांनी पाकीट फाटत नाही, म्हणून आदल्या रात्री प्रत्येकाच्या कोपऱ्याला किंचित चीर द्यावी. फाडलेला तुकडा रस्त्यावर टाकू नये. मागून येणाऱ्याच्या बुटाला तो चिकट पाक लागतो आणि सफाई कामगारांना तो वेचत बसावा लागतो.

कॅफिनचे पाकीट मी बत्तिसाव्या किलोमीटरला घेतले, म्हणजे पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येणाऱ्या पेडर रोडच्या चढावर त्याचा अंमल चढलेला असेल. चढ मी चालतच चढले. ऊन वर आले होते, समुद्राकडची दमट हवा कोल्हापूरकराला सोसत नाही, आणि मांड्यांचे स्नायू थकले असतील तर कोणतीही साखर त्यांना ताजे करत नाही. पण सरावातल्या ३२ किलोमीटरच्या धावेत शेवटी जशी डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तशी या वेळी आली नाही, आणि चढ संपताच मी पुन्हा धावू लागले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी पुढे केलेली संत्र्याची फोड मात्र मी घेतली. ती कोणत्याही पाकिटापेक्षा चविष्ट होती, आणि पोटाला तिची सवय नव्हती तरी काही बिघडले नाही. पाच तास चार मिनिटांनी शर्यत संपली.

विकत घेणाऱ्यांना माझे सांगणे असे की डझनाचे खोके सवलतीत मिळते म्हणून पहिल्याच वेळी घेऊ नये. तीन प्रकारांची दोन-दोन पाकिटे घ्यावीत, मुदत संपण्याची तारीख पाहावी, आणि स्पर्धेला किमान आठ आठवडे असताना चाचणी सुरू करावी, कारण पाक पचवण्याची सवय आतड्यालाही लावावी लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घेण्यासाठी जाल तेथील दुकानांत नवे जेल स्वस्तात दिसेल. ते घरी आणावे, पण दुसऱ्या दिवशी खिशात ठेवू नये. पोट नाजूक आणि खर्चाची तयारी असेल त्यांनी मॉर्टेन घ्यावे, पाण्याची टेबले जवळजवळ असतील तेथे जीयू पुरेसे आहे, आणि दोन तासांच्या आतील रविवारच्या धावेसाठी विकतचे काहीही घेऊ नये असे माझे मत आहे. यंदा गुऱ्हाळवाल्यांना मी आधीच सांगून ठेवले आहे की काकवी थोडी पातळ असतानाच काढून ठेवा. त्यांनी कारण विचारले तेव्हा ‘औषधाला हवी’ एवढेच सांगितले.