कावेरीवर महाशीर फिशिंगच्या नावाखाली ४४,५०० ला गंडवलं, बुकिंग करणाऱ्यांनी वाचा

लाज वाटतेय तरी लिहितोय, कारण हा माणूस अजून मोकाट आहे. कावेरीवर गाइडसोबत महाशीर (नदीतला मोठा, ताकदवान मासा) फिशिंगचं दोघांचं पॅकेज घेतलं. २२,००० अ‍ॅडव्हान्स, मग परमिटचे ७,५००, मग रॉड-रीलचं "परत मिळणारं" डिपॉझिट १५,०००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, निघायच्या आदल्या दिवशी फोन बंद.

आता कोणी म्हणेल कावेरी अभयारण्यात अँगलिंग, म्हणजे गळाने मासेमारी, बंद झालंय हे माहीत नव्हतं का. होतं! कावेरीकाठचे भीमेश्वरी, गालीबोरचे फिशिंग कॅम्प बंद पडले हे या नादातल्या प्रत्येकाला माहितीये, मी पहिला प्रश्नच तो विचारला. तर म्हणे सर ही साधी ट्रिप नाही, हंपबॅक महाशीरचा (कावेरीतली दुर्मिळ जात) टॅगिंग सर्व्हे आहे, पकडायचा, मोजायचा, सोडायचा. आणि इथेच त्याने मला बरोबर पकडलं, कारण हंपबॅक किती घटलाय हे खरंच कॅम्पवरच्या अँगलर लोकांच्या जुन्या नोंदींवरून पुढे आलंय, २०१८ ला तो आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या बेतातल्या, यादीत गेला. त्या माशासाठी आपल्या हातून काही होणार असेल तर कोण नाही म्हणेल?

पण तो परमिटचा पीडीएफ! सही रेंज ऑफिसरची. अभयारण्यात संशोधनासाठी परवानगी देतो चीफ वाइल्डलाइफ वॉर्डन, १९७२ च्या कायद्यात सरळ लिहिलंय. तिन्ही पानांवर गोल शिक्का, तिन्हीकडे तसाच तिरका, शाई फुटलेली पण त्याच जागी, म्हणजे एकच शिक्का कॉपी करून चिकटवलेला. मी ते पान झूम करून बघितलं होतं हो, तारखा तपासायला, आणि शिक्का तिथेच समोर होता. त्यात परमिटची फी एका माणसाच्या पर्सनल यूपीआयवर. सरकारी फी अशी भरायला सांगितली की तिथेच थांबा.

पैसे गेल्याचं कळल्यावर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, बस. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. अरे मीच टाकला, म्हणून तर फसवणूक म्हणतात ना तिला! पोलीस स्टेशनला गेलो तर सायबरला जा, सायबरवाले म्हणे घटना कर्नाटकातली, तिकडे विचारा. पैसे माझ्या घरातून गेले, माझ्या खात्यातून गेले, मग घटना कर्नाटकातली कशी? एक साहेब तर हसून म्हणाले, मासे पकडायला एवढे पैसे? त्या खात्यात पुढे पैसे कुठे गेले हे बघायची तसदी कुणी घेतली नाही, तक्रार अजून "प्रक्रियेत".

परमिट आलं की वनविभागाच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन लावा, गाइडने दिलेला नाही. माशाचे फोटो इमेज सर्चला टाका, याचे सगळे दुसऱ्यांचे निघाले. डिपॉझिट कॅम्पवर पोचल्यावरच. आणि आता त्याच स्क्रिप्टवर, त्याच यूपीआय आयडीवर, उत्तराखंडातल्या पंचेश्वरच्या गोल्डन महाशीरचं पॅकेज फिरतंय, परमिटसकट.