खाचेवरची चंदेरी पट्टी आणि माझे ६३,२५० रुपये

कितीला फसलो, तो आकडा आधीच सांगून टाकतो. बारा बोर्ड (म्हणजे एका पाटीवरचे छोटे कॉम्प्युटर), प्रत्येकी ५,२०० प्रमाणे ६२,४००, वर पार्सलचे ८५०. एकूण ६३,२५०. बिल नाही. "माल पोचला की जीएसटीचं बिल मेल करतो सर," असं विकणारा म्हणाला होता. तो मेल अजून वाटेत आहे.

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास चालवतो मी, अठरा वर्षं. "तुम्हाला कसं नाही कळलं?" हे सगळ्यांनी विचारून झालंय, बायकोने दोनदा. तर ऐका. २०२२ साल. रास्पबेरी पाय ४ हा असलाच नावाजलेला छोटा बोर्ड कुठे मिळत नव्हता, मिळाला तर भाव भलताच. क्लासमधले जुने पीसी विजेचं बिल खात होते. पोरांना लिनक्स शिकवायचं, तर स्वस्तातले छोटे बोर्ड लावू, असं डोक्यात होतं. तेवढ्यात टेलिग्रामवर जाहिरात आली: आरके३५६६, ८ जीबी रॅम, वायफाय, डेबियन आणि आर्मबियन (दोन्ही लिनक्सचेच प्रकार, दुसरा खास अशा बोर्डांसाठीचा) फुल सपोर्ट. आता आरके३५६६ ही रॉकचिप कंपनीची खरीच चिप आहे. ८ जीबी घेते, तिच्या ग्राफिक्सला पॅनफ्रॉस्ट हा मोफत ड्रायव्हर चालतो, मेनलाइन कर्नलमध्ये (लिनक्सच्या अधिकृत गाभ्यात) तिचं बरंच काम झालंय. हे सगळं मी वाचलं होतं. अडाणी म्हणून नाही फसलो, वाचून फसलो.

नुसत्या फोटोवर पैसेही टाकले नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल घ्यायला जायचंच होतं, तिथून टॅक्सी करून त्या जाहिरातवाल्याच्या गाळ्यावर गेलो. मॉनिटर मांडलेला, हिरव्या डबीत बोर्ड, चहा आला. म्हटलं, रॅम किती ते सांगणारी फ्री कमांड मारून दाखवा. ७.७ जीबी. मग कर्नलची आवृत्ती बघितली: ४.९.१७०. ही ४.९ ची मालिका २०१६ च्या डिसेंबरातली. आरके३५६६ च्या जन्माच्या कितीतरी आधीची! रॉकचिपवाले या चिपसोबत निदान ४.१९ देत, हेही मला माहीत होतं. बूट होताना पडद्यावर 'सन५०आयडब्ल्यू९' असं काहीतरी सरकून गेलं, तेही दिसलं. ते ऑलविनर या दुसऱ्याच कंपनीच्या एच६१६ चिपचं घरगुती नाव. मला वाटलं, असेल बोर्डाचा मॉडेल नंबर.

आणि हे सगळं सोडा. माझ्या खिशात माझं स्वतःचं मेमरी कार्ड होतं, आर्मबियन टाकलेलं, खास यासाठीच आणलेलं. म्हटलं, हे लावून बघू. तर तो म्हणाला, "सर, खाचेवर सील आहे. कार्ड काढलं की वॉरंटी गेली." कार्डाच्या खाचेवर चंदेरी पट्टी, त्यावर 'वॉरंटी' छापलेलं. आणि मी, अठरा वर्षं पोरांना "या बोर्डाचं डोकं म्हणजे कार्ड, कार्ड बदललं की मशीन बदललं" असं शिकवणारा मी, "बरं बरं, असू दे" म्हणालो. खिशातलं कार्ड खिशातच राहिलं. त्या पट्टीवर नख ठेवलं असतं तरी ६३,२५० वाचले असते. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती पट्टीच दिसते मला.

जागेवर यूपीआयने ३१,२०० दिले, माल पाठवायच्या आधी ३२,०५०. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. तेही दिसलंच होतं.

बोर्ड आले. ब्राउझरची दुसरी टॅब उघडली की मशीन आडवं. पहिले चार दिवस मी आमच्या इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी बारावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे फ्री बघा ना, ही तर नऊ ओळींची फाइल आहे." बघतो तर खरंच, मूळ प्रोग्रॅमच्या जागी शेल स्क्रिप्ट बसवलेली. त्यात ७.७ हा आकडा सरळ हाताने टाइप केलेला. प्रॉकमधलं मेमइन्फो, म्हणजे कर्नल स्वतः ठेवतो तो रॅमचा हिशोब, उघडलं, तिथे जेमतेम २० लाख किलोबाइट. म्हणजे २ जीबी. पोरं हसली नाहीत, ते जास्त लागलं. (फ्रीवर विसंबू नका, मेमइन्फो बघा. आणि शक्यतो तेही स्वतःच्या कार्डावरून.)

मग सील फाडलं. कार्डावर आरके३५६६ ची इमेज (म्हणजे तयार लिनक्स) टाकली, काळा पडदा. साहजिकच, रॉकचिप आणि ऑलविनर कार्डावर बूटलोडर (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) वेगवेगळ्या जागी शोधतात. चिप थंड ठेवणारा हीटसिंक चिकटवलेला होता, ब्लेड घालून उचकटला. खाली अक्षरं: ऑलविनर, एच६१६. ही चिप ४ जीबीच्या पुढे रॅम घेऊच शकत नाही, ८ ची बातच सोडा. टीव्हीला लावायचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स असतात ना, त्यांचं पोट फाडून हिरव्या डबीत भरलेलं. एच६१६ ची इमेज टाकली तर बूट झालं, पण त्या वेळी या चिपचं एचडीएमआय मेनलाइनमध्ये नव्हतंच, आणि वायफायच्या चिपला ड्रायव्हर नाही. पीसीवर कुठलंही लिनक्स टाका, हार्डवेअर आपली ओळख आपणच देतं. इथे तसं नाही. कोणत्या पिनेला काय जोडलंय हे सांगणारी डिव्हाइस ट्रीची फाइल त्याच बोर्डाची लागते. "अमुक बोर्डासारखाच आहे" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करा. आर्मबियनच्या यादीत बोर्डाचं नाव अक्षरशः तेच हवं.

आता आपली यंत्रणा. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मी रॅम समजावली. त्यांनी लिहिलं, 'मोबाइलचे सुटे भाग'. मी दुरुस्त करायला सांगितलं, तर म्हणे, "तुम्हीच लिहा मग." लिहिलं. तो कागद त्यांनी पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा. ऑनलाइन तक्रार केली तर महिनाभराने शेरा आला: दिवाणी स्वरूपाची बाब. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो म्हणे, पण मला फसलोय हे कळायलाच पाच दिवस लागले, ते कुणाला सांगू?

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर कळलं की क्लास हा धंदा, म्हणून मी ग्राहक नाही. घरी येऊन २०१९ चा कायदा वाचला. त्यातच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली वस्तू 'व्यावसायिक' धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. प्रिंट काढून परत गेलो. या वेळी खिडकीवर दुसरे गृहस्थ. त्यांनी प्रिंट वाचली, मान हलवली आणि विचारलं, "बिल?"

बिल घ्या हो. पाचशेची वस्तू असली तरी घ्या.

बारातले दोन बोर्ड पोरांनी सिरियल केबलने दुसऱ्या पीसीला जोडून कामाला जुंपलेत, बाकी दहा खोक्यात आहेत. गेल्या आठवड्यात त्याच टेलिग्राम ग्रुपवर त्याची नवी जाहिरात आली. तोच फोटो, तीच हिरवी डबी, आता '१६ जीबी', भाव ६,८००. फोटो मोठा करून बघा, खाचेवर चंदेरी पट्टी दिसते.